माजी खासदाराचं संसदेतलं काम कसं तपासायचं? नव्यानं सुरुवात करणाऱ्या सोलापूरकरांसाठी

निवडणूक जवळ आली की सोलापुरात दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, "त्यांनी पाच वर्षांत संसदेत तोंडच उघडलं नाही." दुसरं, "आमच्या साहेबांनी सोलापूरचे प्रश्न दिल्लीत लावून धरले." दोन्ही वाक्यं तपासता येतात. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, कुणाची ओळखही लागत नाही. वेळ मात्र लागतो आणि कागद वाचायची चिकाटी लागते. राज्यशास्त्राचे विद्यार्थी, नवे पत्रकार, कार्यकर्ते किंवा आपल्या मतदारसंघाबद्दल आस्था असलेला कुणीही मतदार, ज्यांना हे काम पहिल्यांदाच करायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. खासदारानं किती प्रश्न विचारले हे मोजण्याआधी तो त्या काळात कोणत्या खुर्चीवर बसला होता हे शोधा. मंत्री, सत्ताधारी बाकावरचा साधा सदस्य आणि विरोधी बाकावरचा सदस्य या तिघांच्या नोंदी तीन तऱ्हेच्या असतात. त्यांची तुलना एकाच तक्त्यात केली की अन्याय होतो, कधी खासदारावर तर कधी मतदारावर.

आधी मतदारसंघ आणि वर्षं पक्की करा

सोलापूर जिल्हा म्हणजे सोलापूर लोकसभा मतदारसंघ नव्हे. २००८च्या पुनर्रचनेनंतर सोलापूर मतदारसंघात शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर हे विधानसभा भाग येतात. करमाळा, माढा, सांगोला आणि माळशिरस हे माढा मतदारसंघात, साताऱ्यातल्या फलटण आणि माण यांच्यासोबत. बार्शी तर धाराशिवला जोडलेली. त्यामुळे बार्शीच्या माणसानं सोलापूरच्या खासदाराचा हिशोब मागणं चुकीच्या दारात उभं राहण्यासारखं आहे. २००९पूर्वी माढा मतदारसंघ नव्हता, पंढरपूर नावाचा राखीव मतदारसंघ होता. रामदास आठवले १९९९ आणि २००४ला तिथूनच निवडून आले. सोलापूरची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली ती २००९पासून.

मग खासदारांची यादी काढा. १९५२ला सोलापूरनं दोन सदस्य पाठवले होते, शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज. तेव्हा काही मतदारसंघ द्विसदस्यीय असत. पुढे मादेप्पा काडादी, सूरजरतन दमाणी, गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल, लिंगराज वल्याळ, सुशीलकुमार शिंदे, प्रतापसिंह मोहिते-पाटील, सुभाष देशमुख, शरद बनसोडे, जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी अशी नावं येतात. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांची मुदत तारखेनिशी लिहून ठेवा. मोहिते-पाटील २००३च्या पोटनिवडणुकीतून आले आणि २००४च्या सुरुवातीला ती लोकसभा बरखास्त झाली. अशा सदस्याचे प्रश्न पूर्ण पाच वर्षं बसलेल्याच्या प्रश्नांशी तोलायचे नसतात.

खुर्ची बदलली की नोंद बदलते

हे नीट समजायला सोलापुरात सुशीलकुमार शिंदे यांच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. १९९२ ते १९९८ ते राज्यसभेत होते. १९९८ आणि १९९९ला सोलापुरातून लोकसभेवर गेले आणि विरोधी बाकांवर बसले, कारण सरकार वाजपेयींचं होतं. जानेवारी २००३मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर लोकसभा सोडली. मग आंध्र प्रदेशचे राज्यपाल. २००६ला पुन्हा राज्यसभेत, आणि केंद्रीय ऊर्जामंत्री. २००९ला परत सोलापुरातून लोकसभेत, ऊर्जा खातं कायम. ३१ जुलै २०१२पासून मे २०१४पर्यंत गृहमंत्री आणि लोकसभेतले सभागृह नेते.

आता कुणी म्हणालं, "२००९ ते २०१४ या काळात शिंदेंनी एकही प्रश्न विचारला नाही," तर वाक्य खरं आणि निष्कर्ष चुकीचा. मंत्री प्रश्न विचारत नाही, त्याला उत्तर द्यायचं असतं. त्याला हजेरीपुस्तकात सही करावी लागत नाही, खासगी विधेयकही त्याला मांडता येत नाही. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था खासदारांच्या कामाची आकडेवारी देते, तीही मंत्र्यांची हजेरी आणि प्रश्न मोजत नाही. तिथली रिकामी जागा म्हणजे आळस नव्हे. माढ्याचे २००९चे खासदार शरद पवार तेव्हा कृषिमंत्री होते, त्यांनाही हेच लागू.

मंत्र्याची नोंद शोधायची तर त्यानं दिलेली उत्तरं, मांडलेली विधेयकं आणि चर्चेला दिलेलं प्रत्युत्तर वाचावं लागतं. शिंदेंचा प्रश्नकर्ता म्हणून अभ्यास करायचा तर १९९८ ते २००३ हा काळ घ्या.

कागद कुठे मिळतात

मुख्य जागा दोन. एक 'डिजिटल संसद' हे संसदेचं अधिकृत संकेतस्थळ. तिथे लोकसभा आणि राज्यसभा असे दोन वेगळे दरवाजे आहेत. सदस्यांच्या यादीत माजी सदस्यांचा विभाग असतो, तिथून नाव निवडायचं. अलीकडच्या लोकसभांचे प्रश्न, उत्तरं, चर्चा, समित्या तिथून उघडतात. दुसरी जागा म्हणजे संसदेचं डिजिटल ग्रंथालय. पहिल्या लोकसभेपासूनचे चर्चांचे खंड तिथे स्कॅन करून ठेवले आहेत.

जुन्या खंडांसाठी तीन सूचना. इंग्रजीत शोधताना शहराचं नाव 'एस'नंतर 'एच' असलेल्या जुन्या स्पेलिंगनंही शोधा, 'शोलापूर' असं. कित्येक दशकांच्या नोंदी त्याच नावानं आहेत. माणसाचं नाव आडनाव आधी, आद्याक्षरं नंतर, अशा दोन्ही रीतींनी टाका. आणि शोधयंत्रावर पूर्ण विसंबू नका. स्कॅन केलेल्या पानांत अक्षरं चुकीची ओळखली जातात, म्हणून त्या दिवसाच्या अंकाच्या सुरुवातीची विषयसूची डोळ्यांनी वाचा.

या जुन्या नावानं शोधताना १९५०चा एक कायदा हाती लागेल, तो जरूर वाचा. १९४९मध्ये आपली जुनी गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, बंद पडली. जानेवारी १९५०मध्ये सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला आणि एप्रिलमध्ये हंगामी, म्हणजे पहिल्या निवडणुकीपूर्वीच्या, संसदेनं त्याचा कायदा केला. त्यावरून दोन खटले सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि भारतातल्या मालमत्तेच्या हक्काच्या इतिहासात सोलापूरचं नाव कायमचं लागलं. एका शहराच्या गिरणीसाठी देशाच्या संसदेनं कायदा केला होता, हे आपल्याकडच्या तरुणांना ठाऊकच नसतं याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न वाचायचे कसे

लोकसभेत प्रश्न मुख्यतः दोन प्रकारचे. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. एका दिवसाच्या यादीत तारांकित २० आणि अतारांकित २३० असतात. कुणाचा प्रश्न यादीत येणार हे सोडतीनं ठरतं, म्हणून तारांकित प्रश्न कमी दिसले तर त्यात नशिबाचाही भाग असतो. यादीत २० असले तरी प्रश्नोत्तराच्या तासात प्रत्यक्ष बोलायला मिळतं ते थोड्यांनाच. उरलेल्यांची उत्तरं लेखी स्वरूपात सभागृहाच्या पटलावर, म्हणजे अधिकृत नोंदीत, येतात.

आकडा फुगतो कसा तेही बघा. एकाच प्रश्नावर अनेकदा दोन, तीन, चार खासदारांची नावं असतात, कारण सारखे प्रश्न एकत्र केले जातात. प्रत्येकाच्या खात्यात तो एक प्रश्न म्हणून जमा होतो. त्यामुळे यादी डाउनलोड करून पहिल्या पन्नास प्रश्नांवर नजर टाका. किती प्रश्नांवर एकट्याचं नाव आहे? किती प्रश्न सोलापूरशी संबंधित आहेत? यंत्रमाग, टेरी टॉवेल, चादर, विडी कामगार, उजनी, डाळिंब, होटगी रस्त्यावरचं विमानतळ, तुळजापूर मार्गे धाराशिवला जाणारी रेल्वे, हे शब्द टाकून शोधा. विडी कामगार बायकांच्या कल्याण निधीवर, घरकुलावर किंवा दवाखान्यावर विचारलेला एक नेमका प्रश्न मला "देशातील पर्यटन विकासाबाबत" छापाच्या दहा प्रश्नांपेक्षा मोलाचा वाटतो. पण हे माझं तोलणं झालं. कुणी म्हणेल, खासदार देशाचा असतो, फक्त गावाचा नव्हे. तेही बरोबर आहे. म्हणून दोन वेगळे रकाने करा, स्थानिक आणि राष्ट्रीय, आणि वाचणाऱ्याला ठरवू द्या.

मग उत्तर वाचा. हे बहुतेक जण करत नाहीत आणि खरी गोष्ट तिथेच असते. प्रश्न क, ख, ग, घ अशा भागांत असतो. "माहिती गोळा केली जात आहे आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल" असं उत्तर आलं की ते आश्वासन धरलं जातं, आणि साधारण तीन महिन्यांत पुरं व्हावं अशी अपेक्षा असते. त्यावर लक्ष ठेवायला सरकारी आश्वासनांची समिती आहे. आता त्याच खासदारानं पुढच्या अधिवेशनात तोच विषय पुन्हा काढला का, हे तपासा. पाठपुरावा करणारा आणि प्रश्न टाकून मोकळा होणारा यातला फरक तिथेच कळतो.

नोंद करताना प्रश्न क्रमांकासोबत तारीख लिहाच. क्रमांक दर अधिवेशनात नव्यानं सुरू होतात, नुसत्या क्रमांकावरून कुणालाच काही सापडणार नाही.

भाषणं, आणि न केलेली भाषणं

चर्चेच्या नोंदीत खासदाराचं नाव दिसलं की ते भाषणच असेल असं नाही. शून्य प्रहरात, म्हणजे प्रश्नोत्तराच्या तासानंतरच्या वेळेत, मांडलेला तातडीचा विषय असतो. नियम ३७७ खाली मांडलेला विषय असतो, जो बहुधा आपल्याच भागाचा असतो आणि आधी लिहून दिलेला असतो. राज्यसभेत त्याच धर्तीवर विशेष उल्लेख असतो. आणि विधेयकावर, अर्थसंकल्पावर केलेलं भाषण असतं. आकडेवारीत हे सारं 'चर्चेतला सहभाग' म्हणून एकत्र होतं. शून्य प्रहरातलं एक मिनिट आणि अर्थसंकल्पावरची दहा मिनिटं सारखी नव्हेत.

वेळ कमी पडला की भाषण लिहून पटलावर ठेवायची परवानगी मिळते. नोंदीत तसा शेरा असतो. असं भाषण वाचायला हरकत नाही, पण "संसदेत गरजले" असं त्याबद्दल लिहू नका. तारांकनं किंवा "नोंदवले नाही" असा शेरा दिसला तर ते शब्द अध्यक्षांनी कामकाजातून काढले आहेत किंवा घेतलेलेच नाहीत. तिथे काय बोललं गेलं असेल याचा अंदाज छापू नका.

मराठीत केलेलं भाषण इंग्रजी आवृत्तीत अनुवाद होऊन येतं आणि तिथे तसं नमूद असतं. मूळ शब्द हवे असतील तर त्या दिवसाची मूळ भाषांमधली आवृत्ती किंवा चित्रफीत शोधा.

मतदान: इथे घाई नको

"अमुक कायद्याच्या बाजूनं त्यांनी मत दिलं" हे वाक्य लिहिण्याआधी दोनदा थांबा. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. त्यात कुणी काय म्हटलं याची नावानिशी नोंद राहत नाही. आंध्र प्रदेश पुनर्रचना विधेयक घ्या. गृहमंत्री म्हणून शिंदेंनी ते १३ फेब्रुवारी २०१४ला लोकसभेत मांडलं, १८ फेब्रुवारीला ते आवाजी मतदानानं मंजूर झालं आणि त्या वेळी सभागृहाचं थेट प्रक्षेपणही बंद पडलेलं होतं. तेलंगण राज्य ज्यातून जन्मलं त्या विधेयकाच्या मंजुरीला कोणत्या खासदारानं हो म्हटलं, याची नावांची यादी तुम्हाला मिळणार नाही.

यादी मिळते ती मतविभाजन, म्हणजे प्रत्येकाच्या मताची नोंद घेणारं मतदान, झालं तर. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथे मतविभाजन होतंच. मराठा आरक्षणाचा निकाल मे २०२१मध्ये आल्यानंतर मागास प्रवर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार परत देणारं १२७वं घटनादुरुस्ती विधेयक १० ऑगस्ट २०२१ला लोकसभेत ३८५ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालं. महिला आरक्षणाचं विधेयक २० सप्टेंबर २०२३ला ४५४ विरुद्ध २ मतांनी. १७ एप्रिल १९९९चा वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मतानं पडला. या तिन्ही दिवशी आपल्या भागातल्या खासदारांची नावं कोणत्या बाजूला आहेत, की नाहीतच, हे त्या दिवसाच्या कामकाजात नावानं बघता येतं. सरावासाठी हे तीन दिवस उत्तम.

पक्षांतरबंदी कायदा १९८५ला आला. त्यानंतर पक्षादेश (जो मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं) असताना दिलेलं मत हे खासदाराचं स्वतःचं मत म्हणून वाचता येत नाही. दमाणी किंवा काडादी यांच्या काळातलं मतविभाजन वाचताना हा फरक ध्यानात ठेवा.

समित्या

संसदेच्या कामाचा मोठा भाग समित्यांत होतो आणि बातम्यांत तो जवळजवळ येत नाही. खात्यांशी संबंधित स्थायी समित्या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवाल जाहीर असतात. अहवालाच्या शेवटी बैठकांचं इतिवृत्त जोडलेलं असतं आणि त्यात कोणते सदस्य हजर होते त्यांची नावं असतात. सभागृहात गप्प दिसणारा खासदार कधीकधी समितीत नियमित बसलेला सापडतो. उलटंही सापडतं. विधेयकावरच्या अहवालाला एखाद्यानं भिन्नमतपत्रिका, म्हणजे आपलं वेगळं मत लिहून, जोडली असेल तर ती आधी वाचा, कारण खासदाराचं स्वतःचं म्हणणं इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच मिळतं.

विधेयकं आणि हजेरी

मंत्री नसलेला सदस्य खासगी विधेयक मांडू शकतो. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७०मध्ये. म्हणून "त्यांचं एकही विधेयक मंजूर झालं नाही" हा आरोप निरर्थक आहे. विधेयकाचा विषय आणि सोबतचं उद्देशांचं निवेदन वाचा, त्यातून माणसाची तळमळ किंवा तिचा अभाव कळतो.

सरकारी विधेयकावर मंत्र्याचं नाव असतं, पण मसुदा खात्याचा आणि निर्णय मंत्रिमंडळाचा. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतरचा फौजदारी कायदा बघा. न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल २३ जानेवारी २०१३ला आला, वटहुकूम ३ फेब्रुवारीला निघाला, विधेयक लोकसभेत १९ मार्चला आणि राज्यसभेत २१ मार्चला मंजूर झालं, राष्ट्रपतींची संमती २ एप्रिलला मिळाली. संमतीचं वय १६ ठेवायचं की १८ यावर मंत्रिमंडळ एक म्हणालं आणि सर्वपक्षीय बैठकीनंतर दुसरं ठरलं. या सगळ्याचं श्रेय किंवा दोष एकट्या गृहमंत्र्याला देता येत नाही. मात्र १९ मार्चच्या चर्चेला शिंदेंनी दिलेलं उत्तर त्यांचंच आहे. कोणत्या आक्षेपांना त्यांनी उत्तर दिलं, कोणते टाळले, हे त्या पानांवरून तुम्ही स्वतः ठरवू शकता.

हजेरीबद्दल थोडक्यात: सही म्हणजे आले एवढंच. किती वेळ बसले ते त्यातून कळत नाही. २०१९ ते २०२४ची लोकसभा तपासताना करोनाचा काळ वेगळा काढा. २०२०च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास झाला नाही, फक्त लेखी उत्तरं मिळाली, आणि त्या वर्षी हिवाळी अधिवेशन भरलंच नाही.

खासदार निधीतून झालेलं सभामंडप, रस्ता, बोअर हे या हिशोबात धरू नका. ते काम महत्त्वाचं आहे, पण त्याची नोंद जिल्हाधिकारी कार्यालयाकडे असते आणि ती वेगळी तपासायची.

लिहायला बसताना

एकदम पाच वर्षं घेऊ नका. एक अर्थसंकल्पी अधिवेशन निवडा आणि ते पूर्ण वाचा. वहीत प्रत्येक नोंदीला तारीख, सभागृह, प्रकार, विषय आणि तुमचा एका ओळीचा शेरा लिहा. नोंद आणि शेरा वेगळ्या शाईत ठेवलेत तर पुढे कोणती गोष्ट नोंदीतली आणि कोणती तुमच्या मनातली यात गोंधळ होत नाही. मग त्या तारखांच्या आसपासचे स्थानिक पेपर चाळा. जुन्या अंकांसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करा. दिल्लीत प्रश्न विचारला गेला त्या आठवड्यात सोलापुरात काय पेटलं होतं ते कळलं की प्रश्नाचा अर्थ उलगडतो.

एखादा कागद संकेतस्थळावर सापडत नसेल तर लोकसभा किंवा राज्यसभा सचिवालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका. अधिवेशन, तारीख आणि कागदाचं नाव लिहा.

छापण्याआधी मजकूर त्या माजी खासदारांना किंवा त्यांच्या कार्यालयाला पाठवा आणि उत्तरासाठी आठवडाभर तरी द्या. मोठ्या हुद्द्यावरची माणसंही निवांत झाल्यावर जुन्या कामाबद्दल आपुलकीनं बोलतात, आणि एखादा प्रश्न का विचारला यामागची हकिकत अशी कळते जी कोणत्याच खंडात छापलेली नसते. ती हकिकत "त्यांच्या म्हणण्यानुसार" म्हणून वेगळी द्या आणि शेजारी नोंदीची तारीख ठेवा.